दोन बोटं आखूड पाय

सकाळ झाली तरी गोल्फच्या मैदानावर कोणी चेंडू मारेना. सगळे बाकाभोवती दाटले होते. तिथे मापमहाराज एकेकाची पाठदुखी पळवत होते.

आज पाळी मामांची. पंचवीस वर्षं खेळाडूंच्या काठ्यांची जड पिशवी त्यांनी एकाच खांद्यावर वाहिली होती. आता कंबर धरली होती. मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं, "सोमवारी पिशवी उचलून दाखवा, नाहीतर घरी बसा."

महाराजांनी मामांचे पाय बुटांसकट वर उचलले. "बघा! डावा दोन बोटं आखूड! हेच दुखण्याचं मूळ."

खरंच आखूड! बघणाऱ्यांनी आ वासला. महाराज पुटपुटले, फुंकर मारली आणि डावा पाय उजव्याच्या बरोबरीला आला.

"व्यायाम-बियाम बंद. उद्यापासून पिशवी खुशाल उचला."

"थांबा महाराज," मामांची भाची पुढे आली. ती फिजिओथेरपिस्ट. खेळाडूंची दुखावलेली कोपरं, पाठी तीच बघायची. "मामा, बूट काढा. आता महाराजांना वाढवू दे पाय."

"अनवाणी पायात शक्ती उतरत नाही, बाळ."

"अगंबाई! शक्तीला बूट लागतात होय? साहेब, तुम्ही बसा बरं."

गर्दीत उभे असलेले मॅनेजरसाहेब बाकावर बसले. भाचीने पाय उचलले. "अरेरे, तुमचा डावा आखूड!"

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. "मग... वाढव की!"

तिने फुंकर मारली. पाय वाढला. टाळ्या पडल्या.

"टाळ्या कसल्या वाजवता? उचलताना उजवा बूट टाचेवरून जरा बाहेर ओढला, म्हणून डावा आखूड दिसला. मग ओढलेला बूट हळूच आत दाबला. संपला चमत्कार!"

हशा पिकला. महाराज झोळी उचलून चालू लागले.

मामा मात्र हिरमुसले. "पण पोरी, मघाशी हलकं वाटलं गं मला."

"एवढे लोक कौतुकाने बघताना कोणालाही वाटेल, मामा. उद्या पिशवी उचलली असती तर कायमचे आडवे झाला असता." ती साहेबांकडे वळली. "सहा आठवडे यांना हलकं काम द्या. मी व्यायाम करून घेते. पिशवीला दोन पट्टे लावा, ओझं दोन्ही खांद्यांवर वाटेल. आणि खेळाडूंनो, आधी अंग मोकळं करा, मग काठी फिरवा!"

स्वतःचा पाय नुकताच वाढवून घेतलेले साहेब नाही कसे म्हणणार? सातव्या आठवड्यात मामा दोन पट्ट्यांची पिशवी घेऊन ताठ चालत होते.

दुखणाऱ्या माणसाला फुंकर गोड लागते, त्यात त्याचा दोष नाही. पण जो पारखून बघू देत नाही, त्याच्यापुढून उठावं आणि ज्याला शरीराची माहिती आहे त्याच्याकडे जावं.