दुपट्ट्याखाली

पुलगावच्या स्टेशनासमोर महादेवने बंडी उभी केली, कासरा खुंटाला गुंडाळला आणि मागे वळून विचारलं,

"आलं पुलगाव, बाबा. आता सांगा, कुठं जाचं?"

कडब्यावर वाकळ टाकून बसवलेल्या नत्थूजींनी आधी स्टेशनाकडे पाहिलं, मग गिरणीच्या धुराड्याकडे आणि शेवटी पोराकडे.

"पुलगाव," ते म्हणाले. शिवी हासडावी तसं म्हणाले.

"तेच त म्हणतो. आलं."

"पुलगाव, पुलगाव, पुलगाव," म्हणत नत्थूजींनी डाव्या हाताने कपाळ बडवून घेतलं. शेजारी बसलेल्या धुरपताबाईंनी तो हात धरून खाली आणला आणि पोराला बंडी परत वळवायला सांगितली.

दिवाळीच्या आधी नत्थूजींना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटू लागला आणि आर्वीच्या बैलबाजारात एके काळी चारही कोपऱ्यांत ऐकू जाणारी वाचा गेली. मागे राहिला तो एवढा एकच शब्द. हाच का राहिला ते देवाला ठाऊक, कारण पुलगावात त्यांचं ना सोयरं होतं ना धायरं. भूक लागली तरी पुलगाव, पाठ खाजली तरी पुलगाव. मान हलवायची तर तीही भलतीकडे जायची. पाणी देऊ का म्हटलं की होकार द्यायचे आणि गडवा पुढे केला की ढकलून द्यायचे. वर्ध्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, बोलणं गेलंय, समज शाबूत आहे.

धुरपताबाईंना नेमकं हेच खात होतं. समज गेली असती तर लेकरासारखं भरवलं असतं, मन मोकळं झालं असतं. पण आत सगळं ऐकणारा माणूस बसला होता आणि त्याच्या नावावर त्या घर चालवत होत्या, त्याला मान्य आहे की नाही हे न कळता. शेवटी त्यांच्या गावच्या, आंजीतल्या शहाण्यांनी निकाल दिला, की माणूस एवढा पुलगाव-पुलगाव करतो तर त्याला एकदा दाखवून आणा. शहाण्यांना फुकटचा सल्ला द्यायला काय जातं. बैल यांचे, बंडी यांची.

परतीच्या वाटेवर नाल्यापाशी बांड्या अडला. हा डाव्या अंगाचा बैल मुलखाचा हट्टी. नत्थूजींनी हाळी दिल्याशिवाय त्याने पाण्यात कधी खूर घातला नव्हता. महादेवने चुचकारलं, शेपटी पिळली, आर लावलेली तुतारी टोचली. बांड्या कान पाडून उभा तो उभाच. तेवढ्यात मागून नत्थूजींनी लांब सूर काढला,

"पुल-गाऽऽव."

बांड्या निमूटपणे पाण्यात उतरला.

"पाह्यलं?" धुरपताबाई म्हणाल्या. "बैलाले समजते. आपूनच ठोंबे."

महादेवने नजर रस्त्यावरच ठेवली, कारण बांड्याला विकायचं त्याने ठरवलं होतं. जो बैल आपलं ऐकत नाही तो ठेवून काय करायचा? सकाळी त्याने बापाला तसं विचारलंही होतं आणि बापाने मान डोलावली होती. गिऱ्हाईक तर एव्हाना घरी येऊन बसलं असणार.

तसंच झालं होतं. ओट्यावर किसनराव सुपारी कातरत बसले होते. तेही हेडी, म्हणजे बैलांचे व्यापारी. नत्थूजींचे जुने दोस्त आणि बाजारात तितकेच जुने वैरी. महादेवने बापाला उचलून त्यांच्या शेजारी बसवलं.

"वहिनी, बांड्या नेतो म्हणतो मी," किसनराव म्हणाले. "नत्थू हो म्हणला न?"

"मान हालवली फक्त. त्यायच्या मानीवर काय जाता, भाऊजी? काल आंघोळ कराची का विचारलं त मान हालवली, अन् बादली लाथाडली."

किसनराव अडचणीत पडले. त्यांनी आयुष्यात लोकांना पुष्कळ टोप्या घातल्या होत्या, पण मालकाच्या मनाविरुद्ध दावं कधी सोडलं नव्हतं. अडकित्ता त्यांनी मिटून खाली ठेवला. मग सवयीने त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

बैलबाजारात भाव तोंडाने करत नाहीत. दुपट्ट्याखाली हात हातात घ्यायचा. जितकी बोटं धरली तितका आकडा, हात मागे ओढला तर नकार, मूठ आवळली तर सौदा पक्का. भोवती पन्नास माणसं उभी असोत, कोणाला काही कळत नाही. हा सगळा उजव्या हाताचा कारभार. डाव्या हाताने सौदा अशुभ मानतात. किसनरावांनी लुळा हात चाचपला, सोडून दिला आणि देवाची क्षमा मागून डावा धरला.

दुपट्टा हलला, थांबला आणि परत जोरात हलला. किसनरावांच्या कपाळावर घाम आला. नत्थूजी समोरच्या कडुनिंबाकडे पाहत होते. आजारापूर्वी बाजारात बसायचे तसाच त्यांचा चेहरा झाला होता, कोणाला थांग न लागू देणारा.

"बैल नाई देत," किसनराव हात काढत म्हणाले. "कोणत्याच भावात नाई."

"मान त हालवली होती," महादेव पुटपुटला.

"मान चुकत असन. हात नाई चुकत."

"अजून काय म्हणले?" धुरपताबाईंनी विचारलं.

"बरंच म्हणला. पण ते सांगता नाई येत, वहिनी. सौदा पटला का मोडला, एवढंच बाहेर सांगाचं असते."

"अहो, माया नवरा हाये तो."

"दुपट्ट्याखाली कोनी कोनाचं नसते. तुमाले पायजे त तुमीच घाला हात."

ते चेष्टेने बोलले होते. बाईमाणसाने दुपट्ट्याखाली हात घातल्याचं अख्ख्या तालुक्यात कोणी ऐकलं नव्हतं. धुरपताबाईंनी पदर खोचला आणि बैठक मारली.

आधी त्यांना नवऱ्याचा हात सापडेना, मग सापडला. काय विचारावं ते सुचेना, म्हणून रोजच्या भांडणाचंच विचारलं.

"भाकरी किती वाढू?" त्यांनी चार बोटं धरली. हात मागे गेला. तीन धरली. हात पुन्हा मागे गेला. दोन धरली आणि नत्थूजींनी मूठ आवळली.

"दोनच?" धुरपताबाई म्हणाल्या. "अन् मी चार वाढून रोज तुमच्यावर खेकसून राह्यली."

मग नत्थूजींनी आपणहून त्यांचं एक बोट धरलं.

"एक काय? चहा?" हात मागे. "दूध?" हात मागे. "तंबाखू?"

मूठ इतकी आवळली की बांगड्या वाजल्या.

"डाक्टरनं नाई सांगितली," म्हणून धुरपताबाईंनी हात ओढला. नत्थूजींनी पुन्हा तेच बोट धरलं. बाईंनी ओढलं. त्यांनी पुन्हा धरलं. शेवटी बाईंनी बोटाचं एकच पेर पुढे केलं. बराच वेळ घासाघीस झाली आणि पेराएवढ्या तंबाखूवर मूठ आवळली.

"पटला सौदा," किसनराव म्हणाले. "आता हात सोडाचा असते, वहिनी."

धुरपताबाईंनी सोडून पाहिला. पण नत्थूजी सोडीनात. लग्नात भटजीने दिला होता, त्यानंतर चारचौघांत हा हात त्यांनी कधी धरला नव्हता. धुरपताबाईंनी एकदा पोराकडे पाहिलं, एकदा अंगणाकडे आणि हात राहू दिला. दुपट्ट्याखाली पुन्हा काहीतरी हळूहळू हललं.

सून प्रमिला दारात आली. "काय म्हणून राह्यले मामाजी?"

"दुपट्ट्याखालची गोष्ट बाहेर सांगाची नसते," धुरपताबाई म्हणाल्या आणि मोकळ्या हाताने पदर पुढे ओढून घेतला.

"पुलगाव," नत्थूजींनी दुजोरा दिला.

किसनराव उठले आणि जोडे घालून निघाले. फाटकापाशी पोचल्यावर त्यांनी सवयीने खांदा चाचपला, वळून ओट्याकडे पाहिलं आणि दुपट्टा न घेताच ते घरी गेले.