वाढत्या अंगाचं माप

"हा बघ, हा. उचलून तरी बघ, पिसासारखा आहे," म्हणत मिस्त्रीने नवा चिमटा लेकीच्या पांघरुणावर ठेवला. "तुझ्या हातांना झेपेल असाच आणलाय."

बेडकीने तो उचलला नाही. उशीला टेकून ती शेजारी पडलेल्या दुसऱ्या चिमट्याकडे बघत होती. तो काळा, जाड पायांचा, पोलादी. इतका जड, की पांघरुणाला त्याच्याखाली खळगा पडला होता.

सायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांत धरलेलं असतं, तो चिमटा. मिस्त्रीचं सायकल-दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आणि लेकीचा पलंग मागच्या खोलीत. मध्ये नुसता पडदा. त्यामुळे चिमटा, चेन, फ्रीव्हील हे शब्द ती आई-बाबा म्हणायच्या आधी शिकली, असं तिची आई लोकांना सांगायची. पुढे ती गावाबाहेरच्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून सायकलवर उड्या मारायला लागली आणि तिचं नाव पडलं बेडकी. खरं नाव शाळेपुरतं उरलं.

तिच्या सायकलला शॉकअपचा चिमटा होता. उडी घ्यायच्या ऐन वेळी तो खाली दबायचा. "अर्धी उडी हाच गिळतो बाबा, मला न दबणारा ताठ चिमटा आण," हा धोशा तिने किती दिवस लावला होता! ती आजारी पडली आणि ते राहून गेलं. आता डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. औषधंही बंद केली. मिस्त्रीने तिला सांगितलं, "बदलून देणार आहेत, चांगली भारीतली." आणि दुसऱ्याच दिवशी बाजारातून हे दोन चिमटे घेऊन आला. एक ठेवायचा, एक परत करायचा, अशी बोली झाली होती. माणूस देवापुढे हात जोडतो आणि त्याच हातांनी पाना फिरवत राहतो. दुसरं करणार तरी काय?

"काळा ठेव," बेडकी म्हणाली.

"अगं, तो लोखंडी खांब आहे! उठलीस की तुला पुढचं चाक उचलता तरी येईल का?"

"हलक्याचे पाय बारीक आहेत. चाकाचा दांडाही बारीक. वाकडं उतरलं की पिळवटेल."

"तू कधी वाकडी उतरलीस गं? मांजरीसारखी उतरतेस. तुला कशाला एवढा दणकट?"

"मला नाही," बेडकी म्हणाली. "रणगाड्याला."

स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

रणगाडा म्हणजे तिची मैत्रीण. बुटकी, आडव्या अंगाची, आणि मनाची एकदम साधी. दुसऱ्यांच्या सायकली मागून उड्या मारायची. ती हवेत गेली की पाखरं वाट सोडतात आणि खाली आली की जमीन तिची माफी मागते, असं बेडकीच म्हणायची.

"ती पोतं टाकल्यासारखी उतरते बाबा. हलका घातलास तर दात पाडून घेईल. आणि तोंड तेवढंच बरं आहे तिचं." बेडकी हसली. हसताना धाप लागली, तशी थोडी थांबली. "चालेल ना?"

मिस्त्रीने हलका चिमटा उचलला आणि पुन्हा त्याच्या कागदात गुंडाळला. गुंडाळायला फार वेळ लावला. कागद नीट बसतच नव्हता.

"चालेल," तो म्हणाला.

दुपारी रणगाडा आली, ती दारातच अडखळली. दुकानात बेडकीची सायकल काळा चिमटा लावून उभी होती. मिस्त्रीने जुन्याशी लांबी ताडून घेतली होती, पुढचा भाग जराही खाली झुकला नव्हता. "ही आता तुझी," तो म्हणाला.

"काका, मला नको हो सायकल. ती बरी झाली की तिला—"

पडद्याआडून आवाज आला. "बरी झाले की कान धरून परत घेईन! तोवर काय गंजत ठेवायची? बस मुकाट्याने."

रणगाडा बसली. डोळे पुसायला तिने हँडल सोडलं, तर मिस्त्रीने ते पुन्हा तिच्या हातात दिलं. माप घ्यायचं होतं ना.

आता मिस्त्रीची एक रीत होती, बरं का. चिमट्याच्या वरच्या नळीवर हँडल बसतं. उरलेली नळी सगळे कापून टाकतात. मिस्त्री पोरांच्या सायकलींची नळी कधी कापत नसे. वर निघालेल्या नळीवर तो कड्या घालून ठेवायचा. पोर वाढलं की वरची एक कडी काढायची, हँडलखाली घालायची, की हँडल वर. "वाढत्या अंगाचं आहे, कापायची घाई कशाला?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. बेडकीच्या सायकलला ढिगाऱ्यांवर सगळे धुराडं म्हणत, आणि ती घरी येऊन भांडायची. पण दर वाढदिवसाला एक कडी वरून खाली गेली की तीच सगळ्यांना बोलावून दाखवायची. यंदा कडी हलली नव्हती.

आताही त्याने हाताच्या सवयीने जुन्या कड्या नव्या नळीवर चढवल्या.

"बाबा," आतून आवाज आला, "कड्या घालतोयस ना? मला ऐकू येतंय. काढ त्या. रणगाडा आता आडवीच वाढणार आहे. तिच्या मापाने काप."

"राहू दे की गं थोडी. पुढे-मागे लागली तर—"

"उडी मारताना छातीत घुसते ती नळी. काप, बाबा."

मिस्त्रीने कड्या काढून खिशात टाकल्या. नळीवर रेघ मारली, रणगाड्याला उतरवून चिमटा सायकलवरून काढला, पकडीत आवळला आणि करवत धरली. नव्या पोलादावर ती आधी घसरली, मग धरली. अर्ध्यावर आल्यावर त्याचा हात थांबला.

मागच्या खोलीतून ती म्हणाली, "थांबू नकोस. अर्ध्यात थांबलं की वाकडी कापली जाते. तूच सांगतोस."

तो पुन्हा कापायला लागला. पडदा बाजूला करून तिची आई दाराशी येऊन उभी राहिली. ओले हात पदराला पुसायचंही तिला सुचलं नाही. तुकडा तुटून फरशीवर पडला आणि घरंगळत रणगाड्याच्या पायाशी गेला.

"सरळ आली का?" आतून विचारणा झाली.

"सरळ आली," मिस्त्री म्हणाला.

मग त्याने कानस घेतली आणि कापलेली कड घासायला लागला. बोट फिरवून बघायचा, पुन्हा घासायचा. कड केव्हाच गुळगुळीत झाली होती. तो वाकून घासत राहिला, आणि प्रत्येक हाताबरोबर खिशातल्या कड्या हळूच वाजत राहिल्या.