टोपल्याला हात

गाव कसं वसवावं, पाणी कुठं अडवावं, याचं शिक्षण पुण्यात घेणारा गोरक्ष बहात्तरच्या दुष्काळात पारनेरकडच्या आपल्या गावी आला. तिथल्या मास्तरांनी आपापल्या शिवाराचा नकाशा काढायला सांगितला होता. उतार बघत बघत तो दुष्काळी कामाच्या रस्त्यावर पोचला आणि जागीच थबकला. रस्त्याचा भराव सरळ ओढ्यात पडत होता. गावतळं भरायचं ते याच ओढ्यानं. रस्ता आखणाऱ्याचे डोळे फुटले होते की काय! आता पाऊस आला तरी पाणी भरावाला अडून शेजारच्या शिवारात पळणार आणि तळं ठणठणीत कोरडं राहणार.

तो मुकादम आप्पासाहेबांकडे धावला. "इथं भरावाखालून पाण्याला मोरी ठेवा, नाहीतर गाव तहानेनं मरेल!"

"वर कळवतो की. पर मंजुरी येईस्तवर काम बंद ठेवावं लागंल, मजुरीबी. ठेवू?"

खडी फोडणाऱ्या बायांचे हात थांबले. सगळ्या गोरक्षकडे बघू लागल्या. त्यांत त्याची आई मालनबाईही होती.

"आई, तू तरी सांग यांना!"

"तुझं खोटं न्हाई, बाबा," ती म्हणाली. "पर त्या पावसापातुर जित्तं ऱ्हायाला हवं न्हवं?"

"चालू द्या काम," गोरक्ष कसाबसा म्हणाला.

मालनबाईनं मुरमाचं टोपलं भरलं. "जरा हात लाव."

त्यानं टोपलं आईच्या डोक्यावर चढवलं. तिनं ते ओढ्यात ओतलं आणि पुन्हा भरून त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.