खिंडीतला टाळ

मी एक जुना टाळ आहे, मित्रांनो. खरे तर आम्ही काशाच्या दोन वाट्या, एका दोरीने जोडलेल्या; पण आवाज एकच, म्हणून 'मी' म्हणतो. कासाराने मला ओतले, घासले आणि तळेगावच्या रूपरावांच्या हाती दिले. कीर्तनात ते बुवांच्या मागे उभे राहत. पूर्वरंगात मी दबकून बोले. आख्यानाला रंग चढला की असा खणखणे, की मंडपात पेंगणारी म्हातारीही पदर सावरून बसे. "रूपरावच्या टाळात देव बसते," असे बुवा म्हणत. धन्य तो हात.

दर आश्विनात, पाऊस उघडला की, भजनी मंडळी डोंगरातल्या खिंडीच्या देवाला जात आणि दिवेलागणीच्या आत परतत. खिंडीत कोणाला हाक मारायची नाही, असा रिवाज. हाकेला भलतेच कोणी ओ देते म्हणतात. कोणी मागे राहिले तर टाळ वाजवायचा. त्या आवाजाच्या मागाने माणूस येते.

मागच्या साली रूपराव तापाने गेले. मी खुंटीवर लटकलो, अंगावर हिरवी पुटे चढली. त्यांच्या पत्नी नलूबाई मला हात लावीत नसत. जाता-येता नुसत्या बघत. यंदा लेकीने, वर्षालीने, मला चिंचेने घासले आणि आईसोबत खिंडीला नेले.

चढणीला कमरेएवढे गवत होते. मंडळीतले थोरले अण्णाजी धोतरातली कुसळे वेचत म्हणाले, "वर्षाली, तुया बुटाले देव लवकर भेटन. आमच्या चपलेले आधी काटे भेटते."

"मंग सावकाश या ना, अण्णाजी. देव कुठी पळून नाई राह्यला."

नलूबाई हसल्या. वर्षभरात पहिल्यांदाच.

खिंडीत पोचलो आणि दरीतून धुके वर आले. फुले तोडायला बाजूला गेलेल्या नलूबाई दिसेनाशा झाल्या. वर्षालीने रिवाजाप्रमाणे मला वाजवले. समोरच्या कड्याने तोच ठेका परत दिला. जरा उशिरा, जरा खोल.

धुक्यातून नलूबाईंचा शांत आवाज आला. "वर्षू, थांब जराशी. तुया बाबाचा टाळ वाजून राह्यला."

"माय, मीच वाजवून राह्यली."

"तुया हात नाई तो. मले समजते. खालून येऊन राह्यला."

खाली दरी होती.

"वाजव पोरी, थांबू नको," अण्णाजी घाबरून म्हणाले. वर्षाली वाजवू लागली. आणि माझ्या दर ठोक्याला तिकडे एक दगड घरंगळे. मित्रांनो, मीच त्या माउलीला कड्याकडे नेत होतो, आणि मला थांबता येत नव्हते.

वर्षालीला उमजले. तिने मला छातीशी घट्ट दाबून धरले आणि रिवाज मोडून हाक मारली. "माय, तिकडे बाबा नाई. इकडे मी आहे. एकटी आहे मी."

तिकडे दगड घरंगळायचे थांबले. मग गवत हलले. नलूबाई आल्या, मुठीत फुले तशीच. लेकीच्या खांद्यावर त्यांनी डोके टेकले. मी अजून मिटलेलाच होतो.

तेव्हा दरीत टाळ वाजला. पूर्वरंगाचा ठेका, दबका. सगळ्यांनी ऐकला. कोणी ओ दिली नाही.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू खुंटीवर टांगून ठेवू नका. तिला पुसा, घासा, वाजवा. आवाजाला वर्षभर भुकेलेले माणूस कुठल्याही दरीचे ऐकते.

आता दर एकादशीला नलूबाई स्वतः मला वाजवतात. अभंग संपला की माझ्या वाट्या मिटून क्षणभर कान देतात. मीही देतो.