भुंग्यांचा मांडव

"अहो, भुंगे कुठे गेले?"

लेकीनं आईला रिक्षातून उतरवून अंगणातल्या खाटेवर टेकवलं आणि आईनं घरात पाऊल टाकायच्या आधी नवऱ्याला हे विचारलं. मिस्त्रींची निराशाच झाली. त्यांना वाटलं होतं, बायको वर बघेल आणि म्हणेल, "अगबाई! हे कधी केलंत?"

ती दवाखान्यात होती तेवढ्यात त्यांनी वेलाचा जुना लाकडी मांडव नव्यासारखा केला होता. लोक किती वर्षं चिडवत होते, सुताराच्या दारात असला पोखरलेला मांडव म्हणजे दिव्याखाली अंधार! पण बायको हात लावू देत नसे. आता संधी मिळाली. त्यांनी वेलाला न दुखवता एकेक वासा घासला, त्याला तेल पाजलं. काळ्या भुंग्यांनी पाडलेल्या बोटभर रुंद भोकांत सागाच्या खुंट्या ठोकून ती अशी बुजवली, की हात फिरवला तरी सांधा लागू नये.

"गेले एकदाचे," मिस्त्री खुशीत म्हणाले. "आधी वाळवीचं औषध ओतलं, वर खुंटी मारली. पुन्हा म्हणून लाकडाला तोंड लावणार नाहीत."

"आत असताना?"

"मग! संध्याकाळी सगळे आत शिरल्यावरच. अर्धवट काम आपल्याला जमत नाही."

बायकोनं मान वर केली. मांडवाच्या दोन टोकांना लावलेले कृष्णफळाचे, म्हणजे पॅशन फ्रूटचे, दोन वेल फुलांनी लगडले होते. बशीएवढी पांढरी-जांभळी फुलं. ती देठादेठाशी शोधत राहिली आणि हळूच म्हणाली, "फळ कुठाय?"

"धरेल की. बहर तर बघ!"

"बाबा," लेक खाली वाकून म्हणाली, "ही खाली सगळी फळ न धरता गळलेली फुलंच आहेत."

मिस्त्री रोज सकाळी ती झाडून टाकत आणि शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत, यंदा फुलांना मोजदाद नाही. एवढ्या फुलांतून सुपारीएवढंही फळ वर दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मांडवाच्या सांध्यांवरून नजर हटली असती तर ना!

बायकोनं जन्मभर शाळेची बाग सांभाळली होती. तिनं नवऱ्याला शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. "ह्या वेलाला स्वतःचा पराग चालत नाही. ह्या टोकाच्या वेलाचा त्या टोकाच्या वेलाला लागावा लागतो. मधमाशी येते, पण ती एवढीशी. पराग उचलते आणि चालती होते. फुलातली वरची, पराग घेणारी टोकं तिच्या अंगाला लागतच नाहीत. भुंगा शिरला की त्याची पाठ घासते. मग फळ."

"काहीतरीच. किडा तो!"

"वेलावरच्या मुंग्या तेवढ्या ठेवल्यात ना?"

"ठेवल्या. तूच म्हणायचीस, पानं खाणाऱ्या अळ्या त्या हुसकावतात. वेल त्यांना देठावर गोड चाटवतो."

"आणि भुंग्यांचं नाही विचारलंत."

"अगं, पण तू सांगायचंस!"

"लाकूड पोखरणाऱ्याची बाजू तुमच्यापुढे कोण घेणार? म्हणून नुसतं म्हणत आले, मांडवाला हात लावू नका."

सकाळीच दवाखान्यात डॉक्टरांनी मिस्त्रींना दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, "घरी न्या. जे मागतील ते द्या." बायकोनं एकच मागितलं होतं, आपल्या वेलाचं एक फळ. आणि हे छाती फुगवून म्हणाले होते, "एक काय, पाटीभर देतो." आज फूल धरलं तरी फळ पिकायला दोन महिने जातात. दोन महिने तिच्या हातात आहेत का, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. धीरच झाला नव्हता.

ते तडक पटाशी घेऊन शिडीवर चढले. निदान एखादा तरी जिवंत असेल. पहिली खुंटी निघेना, इतकी चोख बसवलेली. शेवटी त्यांनी वाशाची कड फोडून एक ढलपी काढली, आणि तिथेच थिजले.

तोंडाशी भुंगा होता. काळा, मेलेला, डोकं खुंटीकडे. खुंटीच्या आतल्या अंगावर कुरतडल्याच्या खुणा होत्या. त्याच्यामागे वाशाच्या पोटात एकामागे एक खोल्या होत्या. भुश्याच्या पातळ पडद्या, सगळ्या सारख्या जाडीच्या. प्रत्येक खोलीत परागाचा पिवळा गोळा आणि त्यावर एकेक काळवंडलेली अळी. भिंती इतक्या तासून काढलेल्या, की मिस्त्रींनी नकळत त्यावर बोट फिरवलं.

"काय आहे?" खालून बायकोनं विचारलं.

हे सुताराचं काम होतं. मिस्त्रींनी जन्मभर ज्याला कीड म्हटलं त्याचं घर त्यांच्या घरापेक्षा नीट होतं. आणि त्यांनी त्याच्या पोराबाळांसकट दार ठोकून बंद केलं होतं.

"घर आहे गं," ते कसंबसं म्हणाले.

बायको रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "फुलं संध्याकाळी मिटतात. त्याआधी बोटानं पराग लावा."

मग मिस्त्री त्या टोकाच्या फुलांना बोट लावून या टोकाकडे आले, आणि या टोकाकडून त्या टोकाकडे गेले. करवतीनं कधीकाळी टोक गेलेलं ते जाडजूड बोट परागानं पिवळं झालं होतं. "हलक्या हातानं," बायको खाटेवरून सांगत होती. "रंधा नाही मारायचा." लेकीला हसू आलं आणि रडूही आलं.

शेवटचं फूल झाल्यावर मिस्त्री हात न धुताच ड्रिल घेऊन आले. खाट त्यांनी बायकोसाठीच बनवली होती. उशाशी सागाचे दोन गोल खांब, आरशासारखे. अंगणात औषध न लागलेलं लाकूड तेवढंच उरलं होतं.

"अहो, हे नको. इतकं सुंदर काम."

"सरक जरा."

त्यांनी खांबाला बोटभर रुंद भोक पाडलं, खाली दुसरं. भुसा तिच्या पांघरुणावर पडला. तो त्यांनी झटकला.

"येतील का पण?" त्यांनी विचारलं.

"रस्त्याच्या वळणावरच्या वठलेल्या झाडात असतील एखाद-दोन. आले तर येतील."

ती कुशीवर वळली आणि तिनं खांबाला कान लावला. मिस्त्री ड्रिल हातात धरून उभेच होते.

"काही ऐकू येतंय?"

"अजून नाही," ती म्हणाली, आणि कान तसाच ठेवला.