न टाकलेला गुलाबी थेंब

सहकारी ट्रेंट सूर्यफुलाच्या बिया चघळतो आणि टरफलं प्रयोगशाळेच्या कचऱ्याच्या डब्यात थुंकतो, हे मर्ना ह्रिचॅकला ठाऊक होतं. रिजायना शहरातल्या त्या इस्पितळात सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याच डब्यात आज तिला कोपरापर्यंत हात घालावा लागला.

सकाळी तिनं नमुने मेणात मुरवणाऱ्या यंत्रात रात्रभर राहिलेली डबी उघडली होती. एकाहत्तर वर्षांच्या बाईंच्या फुप्फुसाचा तुकडा, एकच, तांदळाच्या कणीएवढा. बाईंचा श्वास इतका अधू, की दुसरा तुकडा काढायला पुन्हा सुई घालायला डॉक्टर तयार नव्हते. तुकडा दोन कागदांत गुंडाळलेला. बाहेरच्या कागदावर गुलाबी काही दिसेना, म्हणून मर्नानं तो सवयीनं फेकून दिला. आतला उघडला, तर कोरा.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. इवलासा तुकडा नंतर दिसावा म्हणून गुंडाळण्याआधी त्यावर गुलाबी रंगाचा थेंब टाकायचा असतो. काल ट्रेंटनं तो टाकलाच नव्हता; म्हणजे तुकडा फेकलेल्या कागदाबरोबर डब्यात गेला होता.

“हातमोजे बरबटतात गं,” ट्रेंट म्हणाला. “आणि तुझी नजर आहे की, तीस वर्षं मुरलेली!”

“तुझ्या थुंकीत शोधायला नाही मुरवली.”

तिनं डबा ट्रेमध्ये पालथा केला. मेणाचे कपचे, कागद, ओली टरफलं, त्यांना चिकटलेले पांढुरके पापुद्रे. न रंगवलेलं मांसही तसंच पांढुरकं. एकेक कण चिमट्यानं भिंगाखाली धरायचा. खारट, आंबूस वास नाकात जायचा आणि निघायचा बियांचा पापुद्रा. तिला उमासे येत होते.

“सोड ना,” ट्रेंट म्हणाला. “नेहमीचं लिही. प्रक्रियेत नमुना टिकला नाही. कोण विचारतंय?”

टरफलांपेक्षा या वाक्याची तिला जास्त शिसारी आली. जणू तो तुकडाच कंटाळून निघून गेला होता.

“टिकला नाही? इथेच आहे तो, मेल्या. तुझ्या लाळेत.”

दुपारपर्यंत सापडला नाही. तिनं चुका नोंदवायचा फॉर्म ओढला आणि लिहिलं: रंग दिला नाही, ट्रेंट.

“अगं, नोकरी जाईल माझी!”

तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली: कागद न तपासता फेकला, मर्ना ह्रिचॅक. आता स्वतःचीही किळस येत होती. मग हातमोजे काढून तिनं डॉक्टरांना फोन लावला.

“बरं झालं फोन केलात,” डॉक्टर म्हणाले. “बाई समोरच बसल्यात. काय निघालं?”