टॉवेलरावाचा ओला कोपरा

मी टॉवेलराव बोलतोय. हे नाव मला पोरांनी दिलं. मूळचा मी सोलापुरी टॉवेल, आणि तोही सेकंड माल. विणताना माझ्या एका कडेचे धागे सुटले म्हणून कारखान्यात मला बाजूला टाकलं आणि तिथं कामाला असलेल्या मीनाबाईनं मला घरी आणलं. आता मला बटणांचे दोन डोळे आहेत, लाल दोऱ्याचं तोंड आहे आणि आत हात घालायला जागा आहे. म्हणजे मी बाहुला आहे. हसायचं तर हसून घ्या. पुढं तुम्हाला हसू येईल असं वाटत नाही.

मीनाबाईची दोन लेकरं. थोरली बुद्धप्रिया आणि धाकटा सिद्धांत. सिद्धांत नुकता पाऊल टाकायला लागला होता. मी तेव्हा नुसता टॉवेल होतो, पण मला अंगावर घेतल्याशिवाय तो झोपायचा नाही. मलाही त्याची सवय झाली होती, खोटं कशाला बोलू?

एका मे महिन्यात त्याला जुलाब लागले. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या साऱ्या जाणत्या बाया गोळा झाल्या आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, "पाणी दिऊ नको गं. पाणी दिलं की आनखी लागतंय." मीनाबाईचं वय ते काय! तिनं ऐकलं. उन्हाची काहिली होऊ नये म्हणून मला भिजवून त्याच्या कपाळावर ठेवलं. तर त्या पोरानं माझा ओला कोपरा शोधून काढला आणि चोखायला लागला. मीनाबाईनं तो तोंडातून काढला. त्यानं परत धरला. तिनं परत काढला. दुपारनंतर तो रडेनासा झाला. जाणत्या बाया म्हणाल्या, "झोपला बघ, गुण आला." तो उठला नाही.

फडक्याला जीव नसतो म्हणे. नसेल बाबा! पण त्या दिवसापासून माझा तो कोपरा कुणीतरी ओढतं. आधी हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू. सोलापूरच्या उन्हात माणूस करपतो, पण मला दिवसभर दोरीवर टाकलं तरी तेवढा कोपरा ओलाच राहतो. मीनाबाईनं एकदा तो हातात घेऊन पाहिला आणि मला ट्रंकेत घातलं. वर तिनं कुलूप लावलं. आत अंधार होता आणि ओढ चालूच होती.

बुद्धप्रियाही तेव्हा लहानच, तिला यातलं काही माहीत नव्हतं. "भाऊ तापानं गेला," एवढंच आईनं सांगितलं होतं. ती शिकली, समाजकार्याच्या कॉलेजात गेली आणि यंदाच्या उन्हाळ्यात तिला इंटर्नशिप मिळाली. पेठेतल्या समाजमंदिरात लहान मुलांचं सुट्टीतलं शिबिर होतं आणि ही त्यांची आरोग्यताई. हात कसे धुवायचे, उन्हात काय जपायचं, जुलाब झाले तर काय करायचं, असं सगळं गमतीत शिकवायचं. त्यासाठी बाहुला पाहिजे होता.

"आई, एखादं जुनं फडकं असंल तर दे की," ती म्हणाली.

मीनाबाईनं ट्रंकेचं कुलूप उघडलं, परत लावलं, परत उघडलं. मग तिनं मला काढलं, कापलं आणि स्वतःच्या मशीनवर शिवलं. तो कोपरा तिनं माझ्या उजव्या हाताच्या आत दुमडून टाकला, कुणाला दिसू नये असा. हेच फडकं का, ते ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शिबिरात मी भलताच गाजलो. बुद्धप्रिया माझ्या तोंडून बोलायची आणि पोरं लोळून हसायची. "टॉवेलराव, तुमी आंघोळ कधी करता ओ?" असले प्रश्न. तीही हसायची. मधेच मात्र बोटं चोळायची. "आई, शिवण कुठंतरी आवळतीय," असं तिनं दोनदा सांगितलं. मीनाबाई म्हणाली, "बघते." बघितलं काही नाही.

मग तो दिवस आला. त्या दिवशी धडा जुलाबाचा होता. बुद्धप्रियानं लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ढवळलं आणि मला हातावर चढवून सांगितलं, "जुलाबात पाणी तोडायचं नाही. उलट घोट घोट पाजत राहायचं आणि दवाखाना गाठायचा." मग प्रत्येकाला चवीपुरतं दिलं. मीनाबाई शिबिराच्या खिचडीला मदत करायला आली होती. ती दाराशी उभी राहून ऐकत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

राजेश्वरी नावाची नऊ वर्षांची पोर घोट घेऊन उठली आणि गुपचूप दाराकडं निघाली. गाल फुगलेले.

"राजी, कुठं निघालीस गं?" बुद्धप्रियानं विचारलं.

पोर मान हलवत राहिली. तोंड उघडेना. बुद्धप्रियाला वाटलं, चव आवडली नसेल. "थुंक जा बाहेर, लाजतीस कशाला?" म्हणून तिनं पाठीवर हात ठेवला आणि पोरीचा हुंदका फुटला. तोंडातलं सगळं पाणी फरशीवर सांडलं.

"आमच्या बारक्या पंचूला नेत होते की ओ ताई! आज्जी त्याला पाणी देऊ देईना. काल रातीपासनं लागलंय. आता तर रडंना बी झालाय."

रडंना झालाय. माझ्या कोपऱ्याला असा हिसका बसला की बुद्धप्रियाचा हात वर उडाला. तशीच, मला हातात घेऊन, ती पळत सुटली. मागं मीनाबाई.

राजेश्वरीचं घर तीन गल्ल्या पलीकडं. आई चंद्रव्वा कोपऱ्यात पंचूला मांडीवर घेऊन बसलेली, आजी नागव्वा त्याला वारा घालत होती. पोराचे डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. बुद्धप्रियानं भांड्याकडं हात केला तर नागव्वा आडवी आली. "नीर ब्याड! पाणी न्हाय द्यायचं. मी पाच लेकरं वाढवलीत. कॉलेजातली पोरगी मला शिकवती व्हय?"

बुद्धप्रियानं समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. म्हातारी हटेना. चंद्रव्वाही सासूकडंच बघत होती. अशी वेळ हातातून निघून चाललेली मी एकदा पाहिली होती. ओरडावंसं वाटलं, पण लाल दोऱ्याच्या तोंडानं ओरडणार कसं?

मीनाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. त्या घरात ती कधी आत गेली नव्हती. का, ते पेठेत कुणी बोलून दाखवत नाही. त्या दिवशी ती आत आली. बुद्धप्रियाच्या हातातून तिनं मला घेतलं, दातानं शिवण तोडली आणि तो कोपरा बाहेर ओढला.

"नागव्वा, हे बघा. ओलं हाय का न्हाय? माझं पोर हे चोखत होतं पाण्यासाठी. मी त्याच्या तोंडातनं काढून घेतलं. दोनदा काढलं. तुमच्यासारखंच मला बी सांगितलं होतं. ताप न्हवता त्याला. मीच पाणी दिलं न्हाय. मी मारला माझा सिद्धांत."

बुद्धप्रिया आईकडं बघत होती, ओळख नसल्यासारखी.

"माझ्या हातचं नको असंल तर नको," मीनाबाई म्हणाली. "तुमच्याच घरातलं पाणी घ्या, तुमचाच चमचा घ्या. पर पाजा हो. पाया पडते."

नागव्वानं तो कोपरा बोटानं चाचपला आणि हात झटकन मागं घेतला. मग उठली, भांडं आणलं. साखर-मीठ बुद्धप्रियानं घातलं. पहिला चमचा म्हातारीनंच पंचूच्या ओठाला लावला. पोरानं चमचा दातांत धरला, सोडेना. चंद्रव्वा तेव्हा कुठं रडली. रिक्षा बोलावली. बुद्धप्रिया तिच्याबरोबर दवाखान्यात गेली, वाटेत सारखे चमचे चालूच.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा मीनाबाई दारात तशीच बसलेली, मला मांडीवर घेऊन.

"पंचू?"

"सलाईन लावलंय. बरा आहे. मोठ्यानं रडतोय."

मीनाबाईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "तू बोल की काहीतरी. शिव्या दे. आई म्हणू नको पायजे तर."

बुद्धप्रिया आत गेली. भांड्याचा आवाज आला. ती पेला भरून घेऊन आली आणि आईपुढं बसली.

"सकाळपासनं पाणी पिलीस का तू?"

मीनाबाईनं तोंड फिरवलं. बुद्धप्रियानं पेला तिच्या ओठाला लावला आणि धरून ठेवला. ती रागावली होती की काय, मला कळलं नाही. पण तिनं पेला खाली घेतला नाही. शेवटी मीनाबाई प्यायली.

शिबिर संपलं. माझी उसवलेली शिवण कुणी परत घातली नाही. हल्ली मीनाबाईच मला गल्लीगल्लीतल्या बायांपुढं घेऊन जाते आणि तेच सगळं सांगते. सांगितल्यानं मन हलकं होतं म्हणतात. मला तर तसं दिसत नाही. प्रत्येक वेळी ती 'दोनदा काढलं' इथवर येते आणि प्रत्येक वेळी माझा कोपरा ओढला जातो. सिद्धांत अजून तहानलेला आहे. त्याला आता कुणाचंच पाणी पोचत नाही. तुमच्या घरातल्या लेकराला अजून पोचतंय. तेवढं पाजा.